लाल दिवा आणि भिंतीवरचा खटका

॥ श्री ॥

चिपळूण,
वैशाख शुद्ध दशमी

चि. सौ. मृणाल,

तू फोन केलास तेव्हा दुकानात गिऱ्हाइकं होती, त्यामुळे धड बोलता आलं नाही. शिवाय असल्या गोष्टी फोनवर सांगितल्या की ऐकणाऱ्याला पटतात, पण त्याने घरात सांगेपर्यंत त्यांचं भलतंच काही होतं. म्हणून लिहितोय. पत्र सासूबाईंनाही वाचून दाखव. त्यांच्या बाजूचंही यात बरंच आहे.

तुझ्या बोलण्यावरून दिसलं ते असं. सासूबाई झोपण्याआधी घरभर खटके बंद करत फिरतात, त्यात टीव्हीच्या बोर्डाचाही खटका जातो. त्या आधी झोपल्या तर जावईबापू टीव्हीच्या रिमोटने टीव्ही बंद करतात आणि रेकॉर्डिंगचा डबा, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, हिरवा दिवा लावून रात्रभर तसाच चालू राहतो. आणि तू रात्रपाळीला जाताना रेकॉर्डिंग लावून जातेस, सकाळी येऊन बघतेस तर यादीत मालिकेच्या नावापुढे फुली. सासूबाईंच्या रीतीने रेकॉर्डिंग बुडतं, जावयांच्या रीतीने डबा लवकर म्हातारा होतो. तू यातलं काहीच करू नकोस. बघून झालं की डब्याच्या रिमोटवरचं पॉवरचं बटण दाबायचं, दिवा लाल झाला का ते बघायचं, आणि भिंतीवरच्या खटक्याला हात लावायचा नाही. यालाच स्टँडबाय म्हणतात. तुझ्या रात्रपाळीच्या भाषेत सांगायचं तर डबा तेव्हा ऑन कॉल असतो. पडलेला असतो, पण बोलावलं की उठतो.

एवढं लिहून थांबलो असतो, पण 'का' विचारल्याशिवाय तू तापाची गोळीसुद्धा घेत नाहीस हे मला ठाऊक आहे.

डब्याच्या पोटात कॉम्प्युटरमध्ये असते तसली हार्ड डिस्क आहे. डबा चालू असताना जो चॅनेल लागलेला असतो तो डबा सतत डिस्कवर उतरवत असतो, तू रेकॉर्डचं बटण दाबलेलं असो वा नसो. म्हणून तर मध्येच दाराची बेल वाजली तर चालू कार्यक्रम थांबवता येतो, मागे नेता येतो. आता जावईबापूंनी नुसता टीव्ही बंद केला तर डब्याला ते कळायचं कसं? त्याच्या लेखी तुम्ही बघताच आहात. रात्रभर तो कुठलीतरी टेलिशॉपिंगची जाहिरात इमानेइतबारे डिस्कवर लिहितो, पुसतो, परत लिहितो. डिस्कची मोटर फिरतेय, डबा तापतोय आणि बघणारं कोणी नाही. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या रेकॉर्डरांत डिस्कच्याच तक्रारी जास्त, आणि डिस्कला सगळ्यात वाईट म्हणजे उष्णता.

लाल दिवा लागला की हे लिहिणं थांबतं. चांगल्या डब्यात थोड्या वेळाने डिस्कची मोटरही थांबते. डब्याला कान लावून बघ, बारीक घरघर बंद झालेली कळेल. जागं राहतं ते थोडंच. रिमोटचा इशारा ओळखणारा डोळा, घड्याळ, लावून ठेवलेल्या रेकॉर्डिंगची यादी, आणि बहुतेक डब्यांत छपरावरच्या डिशच्या छत्रीकडून येणारा सिग्नल ऐकणारा भाग. हा शेवटचा महत्त्वाचा. पुढच्या दिवसांचं कार्यक्रमपत्रक त्याच वाटेने येतं. तू कुठल्या चॅनेलचे पैसे भरलेत याची परवानगीही उपग्रहावरून पुन्हापुन्हा पाठवली जाते आणि ती घ्यायला डबा निदान अर्धा जागा लागतो. गावाहून परत आल्यावर पैसे भरलेले असूनही थोडा वेळ चॅनेल दिसत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. डब्याचं सॉफ्टवेअरही हवेतूनच बदलतं, आणि कंपन्या ते शक्यतो रात्री, तो लाल दिव्यावर असताना करतात. अशा वेळी खटका बंद झाला तर अर्धवट लिहिलेलं सॉफ्टवेअर घेऊन डबा सकाळी उठतच नाही. हे रोज घडत नाही, पण घडलं की घरी उपाय नसतो, डबा कंपनीकडेच जातो.

जुन्या लोकांना स्टँडबाय नवं वाटतं, पण ते तसं नाही. व्हीसीआरच्या पुष्कळ मॉडेलांत टायमर लावल्यावर यंत्र बंदच करावं लागे. टायमरचं बटण दाबलं की पुढच्या काचेवर घड्याळाची बारीक खूण उमटायची आणि यंत्र निजायचं. चालू ठेवलं तर टायमर कामच करायचा नाही. गिऱ्हाईक विचारायचं, "बंद केलेली मशीन रेकॉर्डिंग कशी करणार हो?" मी सांगायचो, रिमोटने बंद आणि खटक्याने बंद यात फरक आहे. लाईट जाऊन आली की तेच यंत्र १२:०० असं लुकलुकत बसायचं आणि लावलेला टायमर गेलेला असायचा. तुझा डबा त्या मानाने शहाणा आहे. यादी तो साठवून ठेवतो आणि वेळ उपग्रहाकडून घेतो. पण वीज नसताना सुरू व्हायचं रेकॉर्डिंग त्यालाही सुरू करता येत नाही. सासूबाईंचा खटका आणि महावितरणची गेलेली लाईट, डब्याच्या दृष्टीने दोन्ही सारखंच.

आता सासूबाईंची बाजू. त्या म्हणतात की लाल दिवासुद्धा वीज खातो. बरोबर म्हणतात. कोणी त्यांना "काही खात नाही हो आई" असं सांगत असेल तर तो त्यांना फसवतोय. उलट मी त्यांच्या पुढे जाऊन सांगतो, रेकॉर्डिंगचा डबा लाल दिव्यावर टीव्हीपेक्षा कितीतरी जास्त खातो. हल्लीचा एलईडी टीव्ही रिमोटने बंद केल्यावर साधारण अर्ध्या वॅटवर येतो. युरोपात २०१३ पासून साध्या उपकरणांना अर्ध्या वॅटची मर्यादाच घातली गेली, घड्याळ वगैरे दाखवणाऱ्यांना तेव्हा एक वॅट. त्याचा फायदा जगभरच्या टीव्हींना झाला, कारण कारखाने सगळ्यांसाठी एकच. पण छत्रीकडे कान लावून बसणारे डबे अर्ध्या वॅटमध्ये भागवू शकत नाहीत. हार्ड डिस्कवाला डबा चालू असताना साधारण १५ ते २५ वॅट घेतो. लाल दिव्यावर किती घेतो ते मात्र डब्यागणिक बदलतं. काही निम्म्याच्याही खाली येतात. काही नुसतं चित्र बंद करतात, दिव्याचा रंग बदलतात आणि आत सगळं तसंच चालू ठेवतात. २०११ मध्ये अमेरिकेतल्या नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल या संस्थेने तिकडच्या डब्यांची पाहणी केली होती. त्यांना आढळलं की डब्यांनी खाल्लेल्या विजेतली जवळजवळ दोन तृतीयांश वीज कोणी बघत नसताना, रेकॉर्डिंगही होत नसताना खर्च होते. तेव्हा सासूबाईंचा संशय अगदी जगन्मान्य आहे म्हणायचा.

तुमचा डबा कुठल्या जातीचा ते घरच्या घरी कळतं. अडॅप्टरवर छापलेला आकडा बघू नकोस, तो जास्तीत जास्त किती देता येईल त्याचा असतो. मीटर बघ. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार ते तिथेच छापलेलं असतं, पुष्कळ मीटरांवर ३२००. एखाद्या दुपारी घरातलं सगळं बंद कर. फ्रिज, पंखे, इन्व्हर्टर, वायफायचा डबा, टीव्हीची पिनसुद्धा काढ. फक्त रेकॉर्डर राहू दे. त्याला लाल दिव्यावर टाकून पंधरा-वीस मिनिटं जाऊ देत, नाहीतर डिस्क थांबायच्या आतच मोजशील. मग मीटरच्या दोन लुकलुकण्यांमध्ये किती सेकंद जातात ते मोज आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भाग. येईल तो आकडा वॅटचा. ६० सेकंद लागले तर पावणेएकोणीस वॅट, ९४ लागले तर १२. मीटरवर १६०० छापलं असेल तर ११२५ ऐवजी २२५० घे. मग डबा हिरव्या दिव्यावर टाकून परत मोज. दोन्हीत काहीच फरक नसेल तर तुमचा डबा दुसऱ्या जातीचा. आणि मीटर लुकलुकायलाच तयार नसेल तर डबा इतकं कमी घेतोय की मीटरला ते मोजताच येत नाही. तसं झालं तर पेढे वाट.

समजा १२ वॅट निघाले. दिवसरात्र लाल दिवा राहिला तर महिन्याला साडेआठ युनिटांच्या थोडं वर, वर्षाला १०५ युनिट. फुकट नाही. पण यातली एका दिवसाची वीज तुमचा जुना ७५ वॅटचा पंखा चार तासांच्या आत खातो, आणि न्हाणीघरातला दोन हजार वॅटचा गीझर दिवसभराचा हा खर्च साडेआठ मिनिटांत उडवतो. तेव्हा वाचवायचंच असेल तर जावईबापूंच्या आंघोळीपासून सुरुवात करावी. हे वाक्य वाचून दाखवताना गाळलंस तरी चालेल. मात्र तुमचं बिल महिन्याच्या १०० युनिटांच्या काठावर घुटमळत असेल तर ही साडेआठ युनिटंही जाणवतात, कारण १०० च्या पुढच्या युनिटांना दर एकदम चढा लागतो. बिल काढून बघ.

तुमच्या घरातल्या भांडणाचं खरं मूळ मात्र विजेत नाही, वायरिंगमध्ये आहे. टीव्ही, रेकॉर्डर, वायफाय आणि मोबाइलचा चार्जर, सगळं एकाच एक्स्टेन्शनवर आणि त्याचा खटका एकच. मग एकाला झोपवायचं तर सगळ्यांनाच झोपवावं लागतं. वायरमनला बोलावून रेकॉर्डरसाठी वेगळा सॉकेट आणि वेगळा खटका काढून घे, आणि तुमच्याकडे इन्व्हर्टर आहेच तर तो पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यायला सांग. वीस-पंचवीस वॅटने इन्व्हर्टरला काही होत नाही. एवढं झालं की सासूबाई टीव्हीचा खटका रोज रात्री खुशाल बंद करोत, त्यात नुकसान काहीच नाही. डब्याच्या खटक्यावर एक लाल चिकटपट्टी लाव. 'हात लावू नका' असं लिहू नकोस, घरातल्या मोठ्या माणसांना तसं लिहिलेलं आवडत नाही. पट्टी पुरे.

त्या खटक्याला हात लावायचाच नाही असंही नाही. आपण कोकणात राहतो हे रेकॉर्डर बनवणाऱ्याच्या ध्यानात नसतं. वळवाच्या पावसात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात विजा होतात, तेव्हा मालिका गेली खड्ड्यात. लांबून गडगडायला लागलं की डबा लाल दिव्यावर टाकायचा, खटका बंद करून पिन काढायची आणि छत्रीकडून आलेली केबलही मागून पिळून सोडवायची. नुसता खटका बंद करून भागत नाही. छपरावरची छत्री आणि तिची केबल ही विजेला घरात यायची दुसरी वाट आहे आणि खटक्याचा तिच्याशी काही संबंध नाही. वीज डोक्यावर आल्यावर मात्र केबलीला हात घालायला जाऊ नकोस, तोवर जे व्हायचं ते होऊ दे. जुलैच्या सरळ धारेत विजा सहसा नसतात, तिथे पिन काढायची गरज नाही. पण जोराच्या सरीत सिग्नलच जातो, चित्राचे चौकोन होतात, आणि त्या वेळचं रेकॉर्डिंग फाटकंच येणार. त्याचा दोष स्टँडबायला देऊ नये.

लाईट बराच वेळ गेली तरी खटका बंद करून ठेव. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर दापोली-मंडणगडकडे किती दिवस अंधार होता ते तुला आठवत असेल. अशा खंडानंतर लाईट येते ती सुरुवातीला धड येत नाही, व्होल्टेज उड्या मारतं. दहा-पंधरा मिनिटं बल्बकडे बघायचं आणि तो स्थिर जळायला लागला की मग डबा. चार दिवसांपेक्षा जास्त गावाला जाणार असाल आणि मागे काही रेकॉर्ड करायचं नसेल तरीही बंद करून जा. आल्यावर अर्धा-पाऊण तास त्याला उपग्रहाशी बोलू दे, लगेच कंपनीला फोन लावून तक्रार करू नकोस.

बंद करायची रीतही आहे. रेकॉर्डिंगचा दिवा लागलेला असताना कधीच नाही. आधी लाल दिवा, मग दोनेक मिनिटं थांबायचं, मग खटका. वीज अचानक गेली तरी डिस्कचं डोकं फिरत्या तबकडीच्या उरलेल्या जोरावर बाजूला जाऊन बसतं, तेवढी सोय बनवणाऱ्यांनी केलेली आहे. पण त्या क्षणी लिहिलं जाणारं रेकॉर्डिंग अर्धवट राहतं, आणि कधीकधी सगळी यादीच खराब होऊन डबा डिस्क पुसायची परवानगी मागतो. 'हो' म्हणायच्या आधी एकदा बंद-चालू करून बघायचं. बाकी, डब्यातल्या रेकॉर्डिंगवर फार जीव लावू नये हे बरं. बहुतेक कंपन्यांची रेकॉर्डिंगं कुलपात असतात. डबा बदलला की गेली, आणि पैसे भरायचे थांबवलेस तर असून दिसत नाहीत.

लाईट जाऊन आल्यावर तुमचा डबा कुठल्या दिव्यावर उठतो, हेही एकदा बघून ठेव. काही डबे आधी होते त्याच स्थितीत येतात, काही लालवर येऊन थांबतात, आणि काही सरळ हिरवा लावून बसतात. तिसऱ्या प्रकारचा असेल तर तुम्ही दोघं कामावर असताना तो दिवसभर चालू राहणार. त्यासाठी मेनूमध्ये 'ऑटो स्टँडबाय' शोध. काही तास रिमोटचं एकही बटण दाबलं नाही तर डबा आपोआप लालवर जातो. जावईबापूंच्या सवयीवर यासारखं औषध नाही, त्यांना कळणारसुद्धा नाही. 'डीप स्टँडबाय' किंवा 'इको' असंही काही सापडेल. त्यात डबा आणखी कमी वीज घेतो, फक्त उठायला वेळ लावतो. चांगला डबा रेकॉर्डिंगच्या वेळी त्यातूनही उठतो, पण तुझ्या डब्यात उठतो की नाही ते आधी एखाद्या फालतू कार्यक्रमावर करून बघ. आवडत्या मालिकेवर प्रयोग नकोत.

टीव्ही आणि डबा एचडीएमआयच्या केबलीने जोडलेले आहेत ना? मग एकाने दुसऱ्याला बंद-चालू करायची सोयही असते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'सीईसी' असं लिहिलेलं असतं, काही कंपन्या आपलं वेगळंच नाव देतात. ती चालू केली की टीव्ही बंद करताच डबाही लालवर जातो. छानच. पण काही जोड्यांत उलटंही होतं. पहाटे तीनला रेकॉर्डिंगसाठी डबा उठतो आणि जाताजाता टीव्हीलाही उठवतो. अंधाऱ्या घरात टीव्ही आपला आपण लागला तर सासूबाई आधी देवाला दिवा लावतील आणि मग मला फोन. तसं झालं तर ती सोय काढून टाक.

मालिकेची वेळ साडेआठची असली तरी ती साडेआठला लागत नाही हे तुला मी सांगायला नको. महाएपिसोड तर सुरू होतो तेव्हा संपायची खात्री नसते. रेकॉर्डिंग लावताना मागेपुढे पाच-दहा मिनिटं जास्त दे, मेनूत तशी सोय असते. नाहीतर डबा इमानाने उठेल, इमानाने झोपेल आणि नेमका शेवट राहील.

आणि डब्यावर घातलेला तो क्रोशाचा रुमाल काढ. तुझ्या आईने विणलेला आहे, मला माहीत आहे, सुंदर आहे, पण डब्याची भोकं हवा यायला ठेवलेली असतात आणि तो रुमाल नेमका त्यांच्यावर बसतो. टीव्हीच्या मागे कोंबून न ठेवता चारी बाजूंनी बोटभर मोकळं ठेव, वायफायचा डबा त्याच्या डोक्यावर चढवू नकोस, आणि महिन्यातून एकदा भोकांवरची धूळ कोरड्या ब्रशने झाड. खटका बंद करून, अर्थात.

मीटरचे आकडे आले की कळव, लाल दिव्याचा आणि हिरव्याचा, दोन्ही. वायरमन मात्र या आठवड्यातच बोलाव. आमच्याकडे काल संध्याकाळी सह्याद्रीच्या अंगाला लखलखत होतं.

सासूबाईंना नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद.

तुझा,
बापूकाका